काचेच्या टाकीतले लोणार

बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलीने समुद्राच्या पाण्यावर लेख लिहावा, आणि तोही कला शाखेच्या मुलीने, हे वाचून काही मित्रमैत्रिणी हसतील. आमच्या मेहकरहून समुद्र गाठायचा म्हणजे अर्धा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. आमची नदी पैनगंगा, आणि तीही उन्हाळ्यात आटते. तरीसुद्धा आमच्या घरात एक लहानसा समुद्र आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड वगळले तर त्यात साधारण १६० लिटर पाणी मावते.

हा समुद्र माझ्या मामांचा. मुंबईत तीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले आणि गावी परत आले. येताना इतर माणसे सोफासेट आणतात, मामांनी खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी आणली. पाणी अर्थात आणले नाही. ते इथेच तयार होते: गाळण-यंत्राचे शुद्ध पाणी घ्यायचे, दर लिटरला ३५ ग्रॅम या प्रमाणात समुद्री मिठाचे मिश्रण त्यात विरघळवायचे, की झाला समुद्र. त्यात दोन नारिंगी-पांढरे मासे, थोड्या गोगलगायी आणि दगड. पण मामांचा खरा जीव माशांत नाही, दगडांवरच्या रंगात आहे. त्या दगडांवर जांभळट गुलाबी रंगाचा एक कठीण थर चढलेला असतो. पाहुण्यांना वाटते दगडाला रंग दिला आहे. तो रंग नव्हे, ती एक वनस्पती आहे. तिचे नाव कोरलाइन शैवाल.

हे शैवाल मोठे चमत्कारिक. पाण्यातला चुना घेऊन ते स्वतःचे अंग दगडासारखे बनवते. त्यामुळे अठराव्या शतकात लिनियससारख्या पंडितानेही या कुळातल्या एका जातीला प्राण्यांत बसवले होते. १८३७ साली फिलिप्पी या जर्मन निसर्गअभ्यासकाने, दगडासारखे दिसणारे हे थर वनस्पतीच आहेत, हे सप्रमाण मांडले. समुद्रातल्या प्रवाळांच्या भिंती सांधण्याचे गवंडीकाम हे शैवाल करते. आपल्या कोकणातही खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यांत ते दिसते. मालवणला सहल गेली तर खडकांवरचा गुलाबी पापुद्रा जरूर पाहावा.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मामा तीन आठवड्यांसाठी नाशिकला लेकीकडे गेले. टाकी माझ्या हवाली केली. जाताना म्हणाले, "पाणी कमी झालं की भरत जा. बाकी काही करू नको." मी मान डोलावली. आता वऱ्हाडातला मे महिना म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडून बसलेला, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि टाकीवर गारव्यासाठी लावलेला पंखा पाण्याची वाफ करीत राहिलेला. रोज तीन लिटर पाणी उडून जायचे. मी तितकेच भरायचे. विचार केला, समुद्राचे पाणी कमी झाले, तर समुद्राचेच पाणी भरले पाहिजे. म्हणून दर वेळी मापून मीठ घालायचे आणि मगच ओतायचे. स्वतःच्या काटेकोरपणाचा मला अभिमानसुद्धा वाटत होता.

पंधरा-सोळा दिवसांनी दगडांच्या माथ्यावर पांढरे डाग दिसू लागले. आधी मी लक्ष दिले नाही, कारण मामांनी एकदा सांगितले होते की या शैवालाची वाढती कड पांढुरकी असते. पण ती कड असते कडेला, बारीक रेघेसारखी. हे डाग मधोमध होते आणि रोज पसरत होते. जांभळा रंग विटून गुलाबी, गुलाबी विटून पांढरा, आणि चार दिवसांनी त्या पांढऱ्यावर हिरवट बुळबुळीत साय. वनस्पती मेली होती आणि तिचा चुन्याचा सांगाडा तेवढा मागे राहिला होता.

मी घाबरले. आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केले, औषध शोधले. प्रथम दिव्याला दोष दिला आणि दिवा दोन तास कमी लावला. मग उष्णतेला दोष दिला आणि टाकीत बर्फाच्या पिशव्या सोडल्या. शेवटी शहरातल्या एका दुकानदाराला फोन केला. त्याने काहीही न विचारता सांगितले, "चुना कमी पडला असेल." दोन बाटल्या आल्या, एक कॅल्शियमची, दुसरी क्षारता वाढवण्याची. मी दोन्ही एकाच तासात ओतल्या. पाहता पाहता पाणी दुधासारखे झाले. टाकीत पांढरे कण तरंगू लागले, हिमवर्षाव व्हावा तसे. दुसऱ्या दिवशी तळाशी चुन्याची भुकटी साचली होती, तीन गोगलगायी उलट्या पडल्या होत्या आणि मासे कोपऱ्यात धापा टाकीत होते.

मामांना फोन करण्याचा धीर झाला नाही. ते आपण होऊनच दोन दिवस आधी आले. टाकीपुढे बराच वेळ उभे राहिले. मला वाटले आता बोलणी बसणार. ते रागावले नाहीत. मुंबईत तीस वर्षे काढली तरी मनातून बोलताना त्यांच्या तोंडी वऱ्हाडीच येते. एवढेच म्हणाले, "पोरी, बाटलीवाल्याले विचारलं, पण पाण्याले विचारलं का?"

पाण्याला विचारायचे म्हणजे काय, ते त्यांनी त्याच संध्याकाळी दाखवले. कपाटातून हायड्रोमीटर काढला. पाण्यात मीठ किती हे सांगणारे ते साधे काचेचे साधन. समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ असते. आमच्या टाकीत ते १.०३४ भरले. म्हणजे लिटरला ३५ ग्रॅमच्या जागी ४५ ग्रॅमच्या आसपास मीठ. कारण सरळ होते. वाफ होऊन उडते ते पाणी. मीठ मागेच राहते. मी रोज उडालेल्या पाण्याच्या जागी पाणी आणि शिवाय नवे मीठ घालीत होते. माझ्या काटेकोरपणानेच ते शैवाल मारले होते.

बाटल्यांचे कोडे आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या सरांनी सोडवले. कला शाखेची मुलगी बाटलीत पाणी घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी, हे पाहून ते आधी हसले आणि मग ब्युरेट मांडून बसले. आपल्या बोलीत खारट आणि क्षार हे शब्द आपण एकाच पिशवीत टाकतो. सरांनी ते वेगळे करून दाखवले. खारटपणा म्हणजे पाण्यात एकूण लवणे किती ते. क्षारता म्हणजे आम्ल घातले असता पाणी किती तग धरते ते, आणि ती मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटांमुळे येते. कोरलाइन शैवालाला अंग बांधायला कॅल्शियम हवे, तशीच ही क्षारताही हवी. पण दोन्ही एकदम आणि भरमसाट टाकली, तर शैवालाच्या हाती लागण्याआधीच त्यांचा पाण्यात चुना होऊन तळाशी बसतो. पाण्यातले मॅग्नेशियम या प्रकाराला काही अंशी आवर घालते, पण माझ्यासारख्या दानशूरापुढे त्याचा इलाज चालत नाही. समुद्रात क्षारता सुमारे ७ अंश असते. आमच्या टाकीत, ती वाढवण्याची अख्खी बाटली ओतल्यानंतर, ५ अंशसुद्धा उरली नव्हती.

मग सर जे म्हणाले त्यामुळे हा लेख लिहिण्याची बुद्धी झाली. ते म्हणाले, "तुम्ही टाकीत लहानसं लोणार केलंत."

लोणार आमच्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. लहानपणापासून सहलीला गेलो, धारेखाली हातपाय धुतले, दैत्यसूदनाचे मंदिर पाहिले. उल्कापाताने बेसाल्टच्या खडकात झालेले विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, हे पाठ आहे. पण त्याच्या पाण्याचा विचार कधी केला नव्हता. लोणारचे पाणी केवळ खारट नाही, ते सोड्याचे आहे. समुद्राचा सामू ८ च्या थोडा वर, लोणारचा १० च्या आसपास. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावरून क्षार गोळा होई. लोणारच्या क्षाराचा उल्लेख अकबराच्या काळच्या ऐन-ए-अकबरीतही आहे. त्या पाण्यात कार्बोनेट इतके की कॅल्शियम फारसे विरघळून राहतच नाही, चुना होऊन खाली बसते. म्हणून लोणारच्या तळ्यात मामांचे जांभळे शैवाल जगू शकणार नाही. तिथे दुसरेच जीव जगतात. पाण्याला हिरवा रंग देणारे स्पायरुलिनासारखे सूक्ष्म जीव त्या तीव्र सोड्यातच सुखी असतात. एकाचे विष ते दुसऱ्याचे अन्न. पण लोणारचे तळे आणि आमची टाकी यांच्यात एक गोष्ट सारखी आहे: दोघांनाही बाहेर जायला वाट नाही. आत येते ते आतच राहते. पाणी तेवढे वाफ होऊन जाते.

आता २०२० चा जून आठवा. लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, उपग्रहाची चित्रे आली. टाळेबंदीचे दिवस होते, लोकांना वेळही होता. कोणी लवणासुराचे रक्त म्हणाले, कोणी अपशकुन म्हणाले, कोणी टाळेबंदीत हवा शुद्ध झाल्याचा परिणाम म्हणाले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. नागपूरच्या 'नीरी'कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाण्याचे नमुने गेले. आघारकर संस्थेने सांगितले की अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या आणि गुलाबी रंगद्रव्य असणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला आहे. पाऊस कमी, ऊन जास्त, पाणी आटले, खारटपणा वाढला, आणि त्या जीवांचे फावले. पुढे ते तळाशी बसले, पावसाचे पाणी आले आणि रंग गेला. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा दर्जाही मिळाला.

टाकीत गुलाबी रंग गेला म्हणून मी घाबरले, तळ्यात गुलाबी रंग आला म्हणून जिल्हा घाबरला. आणि कारण? एकच. पाणी उडाले, मीठ उरले. रंगाचे दोन उलटे खेळ, आणि मूळ हिशेब एक.

यावरून माझे मत असे बनले आहे, आणि ते या लेखात ठामपणे मांडायचे आहे. रंग ही शेवटची बातमी असते. रंग बदलेपर्यंत पाणी कितीतरी दिवस आपल्याशी बोलत असते. आपण ऐकत नाही. रंग बदलला की मात्र आपल्याला एकदम औषध हवे असते, आणि जो पहिला भेटेल त्याची बाटली आपण ओततो. माझ्याजवळ हायड्रोमीटर होता, हे मला विसरता येत नाही. कपाटात, हाताच्या अंतरावर. तीन आठवड्यांत तो एकदाही पाण्यात बुडवला नाही. अज्ञान क्षम्य आहे असे म्हणतात. पण साधन जवळ असून न पाहणे, याला दुसरा शब्द हवा.

लोणारच्या बाबतीतही हेच होते असे मला वाटते. २०२० साली पाणी आटले म्हणून आपण चिंतेत होतो. २०२५ साली उलट बातम्या आल्या: पाण्याची पातळी वाढते आहे, काठावरच्या कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत पाणी आले आहे. गावाचे सांडपाणी तळ्यात जाते ही तक्रार तर जुनीच. गोडे पाणी वाढत गेले तर सोडा पातळ होईल, आणि त्या सोड्यातच जगणाऱ्या जीवांचे वैशिष्ट्य धोक्यात येईल. मग एखाद्या दिवशी पुन्हा रंग बदलेल, पुन्हा आपण धावू. मोठ्या संस्था आपले काम करतातच. पण आपण, तळ्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर राहणारी माणसे, आपल्याजवळ काय आहे? गेल्या दहा वर्षांत कोणत्या महिन्यात पाणी कुठवर होते, धार कधी बारीक झाली, रंग केव्हा हिरव्याचा पिवळट झाला, याची एखादी वही कोणाच्या घरी आहे का? माझ्या माहितीत नाही. सहलीचे फोटो मात्र घराघरांत आहेत.

म्हणून सूचना करते. आपल्या महाविद्यालयाने लोणारची एक वही सुरू करावी. महिन्यातून एक रविवार ठरवावा. काठावरच्या एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी एक छायाचित्र घ्यावे. पाणी कोणत्या खुणेपर्यंत आहे, रंग कसा आहे, धार कशी वाहते, पक्षी कोणते दिसले, एवढे लिहावे. पाण्याला हात लावण्याची गरज नाही. ते अभयारण्य आहे, नमुना घ्यायचा तर वन विभागाची परवानगी घेऊन रसायनशास्त्र विभागाने घ्यावा. पण डोळ्यांनी पाहून लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि हे काम केवळ विज्ञान शाखेचे आहे असे कृपा करून म्हणू नका. नेमके पाहणे आणि नेमक्या शब्दांत लिहून ठेवणे हे आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना तरी यायला हवे. नाहीतर आम्ही तीन वर्षे काय शिकतो?

एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात गावोगावी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे माशांसाठी पाणी गाळून वापरावे का? मीही हे मामांना विचारले होते. ते म्हणाले, गाळण-यंत्रातून वाया जाणारे पाणी भांड्यांना आणि संडासाला वापरतो, टाकीला दिवसाला दोन-तीन लिटर लागते. हे उत्तर पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही. छंद हा छंदच, गरज नव्हे. दुसरा आक्षेप असा की दगड समुद्रातून उचलून आणले असतील. तसे नाही. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, ते उचलणे गुन्हा आहे आणि तो असावाच. मामांचे दगड बनवलेले आहेत, आणि मुंबईच्या एका स्नेह्याच्या टाकीतून आणलेल्या जांभळ्या खपलीवरून त्यांच्यावर शैवाल पसरले. पण मी असेही म्हणेन की त्या टाकीने मला पाण्याचा हिशेब शिकवला. तो टँकरच्या गावालाही लागू आहे. विहिरीची पातळी महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवणारे गाव टँकरसाठी धावण्याआधी जागे होईल.

टाकीचे पुढे काय झाले, ते सांगते. मामांनी एकही बाटली आणली नाही. रोज पाच लिटर खारे पाणी काढायचे आणि तितकेच साधे शुद्ध पाणी घालायचे, शिवाय जेवढे उडाले तेवढे साधेच भरायचे. त्याने विशिष्ट गुरुत्व दिवसाला एका अंकाने, म्हणजे १.०३४ चे १.०३३, असे उतरत गेले. मी म्हटले, एका दिवसात का नाही उतरवायचे? मामा म्हणाले, "तीन आठवड्यांत चढवलं ना? मग उतरायले दहा दिवस तरी दे." जगलेल्यांना एकदम मिळालेला आरामसुद्धा सोसत नाही. तळाची चुन्याची भुकटी नळीने ओढून काढली. दिवा पुन्हा नेहमीच्या वेळेवर आणला. आणि एक दोनशे पानी वही टाकीशेजारी ठेवली. तारीख, उष्णता, विशिष्ट गुरुत्व, क्षारता, शेरा. क्षारता आठवड्यातून एकदा, बाकी रोज. कोणी विचारले की शैवाल पांढरे पडले, काय करू, तर मी आता याच क्रमाने विचारते: आधी खारटपणा, मग उष्णता, मग क्षारता, मग कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पुढे फॉस्फेट, कारण ते वाढले तर चुना बांधण्यात अडथळा येतो. मग दिवा अलीकडे बदलला का, आणि शेवटी खाणारे कोणी आहे का. औषध या यादीत नाही.

जून गेला, जुलै गेला. दगड पांढरेच होते. मला वाटे, मेलेले काही परत येत नाही. ते खरेच आहे. जे मेले ते परत आले नाही. पण ऑगस्टच्या शेवटी एके सकाळी पंपाच्या मागच्या बाजूला, जिथे उजेड कमी पडतो तिथे, टाचणीच्या टोकाएवढे जांभळे ठिपके दिसले. मोजले, सात होते. वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: 'ठिपके ७.' मामांनी चष्मा लावून वाचले आणि खाली पुढच्या दिवसाची तारीख घातली.

लोणारच्या वहीचे पहिले पान अजून कोरे आहे. तारीख घालायला कोण येते, ते या अंकाच्या वाचकांनी सांगावे.

(द्वितीय वर्ष, कला)